थंडी वाजणारा उष्णतेचा गणिती

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणिताचा जो तिसरा पेपर असतो, त्याला मुले एम-थ्री म्हणतात. घरातले कुणी या वाटेने गेले असेल, तर त्या नावाबरोबर निघणारा सुस्कारा तुमच्या ओळखीचा असेल. या पेपरात लाप्लास आणि फोरियर नावाचे दोन गृहस्थ शेजारी शेजारी बसलेले असतात. आपल्याला केटी लागावी म्हणून या दोघांनी मिळून काहीतरी कट केला असणार, असा मुलांचा पक्का समज असतो. इतिहास उलटा आहे. लाप्लास हा फोरियरचा परीक्षक होता. १८०७ साली फोरियरने पॅरिसच्या विज्ञानसंस्थेपुढे आपला निबंध ठेवला, तेव्हा तो तपासायला चार जण नेमले गेले. त्यांत लाप्लास होता. निबंधाचा निकाल लागलाच नाही. फोरियरच्या विषयात पहिली केटी लागली ती खुद्द फोरियरला, आणि ती सुटायला पंधरा वर्षे लागली.

ज्यांचा एम-थ्रीशी कधी संबंध आला नाही, त्यांनी लगेच पान उलटू नये. तुमचा ईसीजी, गुडघ्याचा एमआरआय, कानात घातलेल्या हेडफोनमधले गाणे, मोबाइलवर आलेला नातवाचा फोटो या सगळ्यांच्या पोटात याच माणसाचे किंवा त्याच्या घराण्यातले गणित आहे. आणि माणूसही काही कमी मजेशीर नव्हता. आपल्या कॉलेजांत त्याला फोरियर म्हणतात. फ्रेंच उच्चार फूरियेच्या जवळ जातो, म्हणून यापुढे फूरिये.

आधी त्या गणिताबद्दल थोडे. मुरलेली सुगरण शेजारणीच्या आमटीचा एक भुरका घेते आणि सांगते, की गोडा मसाला बेताचा आहे, चिंच जरा पुढे गेली आहे आणि गूळ मागाहून आठवून घातलेला आहे. वाटीत पदार्थ एकच होता. तिच्या जिभेने त्याचे घटक वेगळे केले आणि प्रत्येकाचे प्रमाणही सांगितले. फूरियेचे गणित हेच करते. फक्त मसाल्यांच्या जागी लहरी असतात, काही संथ, काही जलद. एका सेकंदात लहर किती वेळा वरखाली होते ती तिची वारंवारता. कोणताही वेडावाकडा आलेख द्या, मग तो आवाजाचा असो, हृदयाच्या विजेचा असो की दिवसभराच्या तापमानाचा असो. कोणत्या वारंवारतेची लहर त्यात किती आहे हे फूरिये सांगतो. घटकांची यादी हातात दिली, तर तो मूळ आमटी पुन्हा करूनही देतो. सुगरणीला न जमणारी आणखी एक गोष्ट त्याला जमते. झालेल्या आमटीतून गूळ काढून घेता येत नाही. फूरियेच्या आमटीतून येतो.

जाँ बाप्तिस्त जोसेफ फूरिये २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावी जन्मला. बाप शिंपी. घरात पोरांचे लेंढार. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतबाहेर आई आणि बाप दोघेही गेले. पोरक्या पोराला गावातल्या बेनेडिक्टाइन साधूंच्या सैनिकी शाळेत जागा मिळाली. तेराव्या वर्षी त्याला गणिताने झपाटले. दिवसभर शाळा झाल्यावर रात्री अभ्यास करायचा, तर उजेड हवा. हा पोरगा स्वयंपाकघरातून आणि इकडून तिकडून मेणबत्त्यांची थोटके गोळा करी आणि सगळे झोपल्यावर आडोशाला बसून गणित सोडवी, असे त्याचे चरित्रकार सांगतात. चौदाव्या वर्षापर्यंत त्याने बेझूच्या गणिताचे सहा खंड संपवले होते. त्याची प्रकृती पुढे कायमची नाजूक राहिली, तिची सुरुवात या थंड रात्रींत झाली असे म्हणायचा मोह होतो. पण तो मोहच.

त्याला तोफखान्यात जायचे होते. गणित येणाऱ्या मुलाला तेव्हा ती सरळ वाट होती. अर्जाला उत्तर आले, की मुलगा उच्च कुळातला नाही, मग तो दुसरा न्यूटन का असेना. तोफखान्याचे दार बंद झाले, म्हणून तो मठात गेला. साधू होण्याची शपथ घ्यायची वेळ आली ते साल होते १७८९. क्रांती झाली, नव्या शपथा थांबवल्या गेल्या आणि फूरिये मठातून बाहेर पडून आपल्याच जुन्या शाळेत मास्तर झाला.

क्रांतीत तो मनापासून उतरला. गावच्या क्रांतिसमितीत गेला आणि तिथेच अडकला. ओर्लेआंला एका भांडणात त्याने ज्यांच्यावर आळ होता त्यांची बाजू घेतली, आणि वरच्यांची मर्जी फिरली. जुलै १७९४ मध्ये त्याला अटक झाली. त्या दिवसांत अटकेनंतरची पुढची पायरी बहुधा गिलोटीनची असे. त्याच महिन्याच्या २८ तारखेला खुद्द रोबेस्पिएरचेच डोके उडवले गेले आणि फूरिये सुटला. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा धरले, या वेळी रोबेस्पिएरचा माणूस म्हणून. आधी त्याच्या विरोधातला म्हणून आत, मग त्याच्या बाजूचा म्हणून आत. लहर एकच, चिन्ह तेवढे बदलले. तो दुसऱ्यांदाही सुटला.

या दोन अटकांच्या मधल्या काळात तो पॅरिसला नव्याने निघालेल्या एकोल नॉर्मालमध्ये शिकायला गेला होता. तिथे शिकवायला लाग्रांज, लाप्लास आणि माँज. युरोपातले पहिल्या रांगेतले गणिती एकाच फळ्यापुढे. पुढे तो एकोल पोलितेक्निकमध्ये शिकवू लागला आणि १७९७ साली लाग्रांजच्याच जागेवर आला. ज्याची खुर्ची घेतली, तोच दहा वर्षांनी आपला पेपर तपासणार आहे हे त्याला तेव्हा माहीत असायचे कारण नव्हते.

१७९८ साली नेपोलियन इजिप्तवर निघाला, तेव्हा तोफांबरोबर त्याने विद्वानांचीही एक पलटण घेतली. तीत फूरिये होता. कैरोत स्थापन झालेल्या संस्थेचा तो सचिव झाला. वर्षभराने नेपोलियन गुपचूप फ्रान्सला निघून गेला, विद्वान मागे राहिले. फूरिये परतला तो १८०१ मध्ये. इजिप्तमधून त्याने दोन गोष्टी आणल्या. एक तिथल्या प्राचीन संस्कृतीचे वेड. पुढे ग्रनोबलमध्ये शाँपोलियों नावाच्या एका पोरसवदा विद्यार्थ्याला त्याच्याकडे इजिप्तच्या वस्तू पाहायला मिळाल्या, आणि मोठेपणी त्यानेच चित्रलिपी उलगडली. दुसरी गोष्ट म्हणजे थंडी. वाळवंटातून आल्यापासून फूरियेला फ्रान्समध्ये सतत हुडहुडी भरे. उन्हाळ्यातसुद्धा तो लोकरी कपड्यांचे थर चढवून बसे आणि त्याच्या खोलीत शेकोटी पेटलेली असे. भेटायला येणारे घामाघूम होत.

डॉक्टर वाचकांच्या मनात एव्हाना थायरॉइड आलाच असेल. थंडी न सोसणे हे थायरॉइड कमी पडल्याचे ठळक लक्षण, आणि नंतरच्या काही लेखकांनी त्याच्या दुखण्याला मिक्सिडीमा हे नाव देऊनही टाकले आहे. तेव्हा ना टीएसएच होता, ना रक्तच तपासले जाई. दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान शालीवरून करू नये हे बरे. एवढे मात्र खरे, की उष्णता कशी पसरते आणि कशी निसटते या प्रश्नात इतका जिव्हाळ्याचा रस असलेला गणिती दुसरा झाला नसेल.

परतल्यावर त्याला पुन्हा शिकवायचे होते. नेपोलियनने त्याला इझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कलेक्टर, करून ग्रनोबलला धाडले. नकार द्यायची सोय नव्हती. बदलीने हिरमुसलेला माणूस फायली तुंबवत बसतो. हा कामाला लागला. ग्रनोबलहून आल्प्समधून इटलीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम त्याने मार्गी लावले, आणि बूर्ग्वँच्या दलदलीचा प्रश्न हाती घेतला.

ही दलदल हजारो एकरांची होती. काठच्या गावांत तापाची साथ कायमची. पाणी काढून टाकायचे बेत पिढ्यान्‌पिढ्या चालू होते आणि दर वेळी गावांच्या भांडणात बुडत होते, कारण दलदलीत प्रत्येक गावाचा गुरे चारण्याचा, गवत कापण्याचा काहीतरी हक्क होता. पाटबंधाऱ्याच्या कालव्यावरून गावे कशी भांडतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जास्त सांगायला नको. फूरियेने तीस-चाळीस गावांच्या कारभाऱ्यांना एकेक करून गाठले, घरी जाऊन बसला, समजूत काढली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पाणी निघाले, जमीन मोकळी झाली, ताप ओसरला. दलदलीतल्या दूषित हवेने ताप येतो अशी तेव्हाची समजूत होती. मलेरिया या शब्दाचा अर्थच वाईट हवा. डासाचा त्यातला हात रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादेत दाखवला तो १८९७ साली. म्हणजे कारण चुकीचे धरून उपाय बरोबर केला गेला होता. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असे बऱ्याचदा झाले आहे. माझ्या मते फूरियेने दुसरे काहीही केले नसते, तरी या एका कामासाठी त्याचे नाव त्या मुलखात राहिले असते.

दिवसा दलदल, रात्री उष्णता. फूरियेला कळून घ्यायचे होते ते इतकेच, की एखाद्या वस्तूच्या एका भागाला ऊब दिली, तर ती बाकीच्या भागात कोणत्या नियमाने पसरते. लोखंडी कडी तापवून, ठिकठिकाणी तापमापक लावून त्याने प्रयोगही केले. समीकरण त्याला सापडले. ते सोडवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. त्याच्या लक्षात आले, की तापमानाची मांडणी एखाद्या साध्या लहरीसारखी असेल, तर गणित अगदी सोपे होते. लहर आपला आकार न बदलता फक्त हळूहळू मरत जाते, आणि जलद लहर संथ लहरीपेक्षा लवकर मरते. मग कोणत्याही वेड्यावाकड्या मांडणीची आधी लहरींत फोड करायची, प्रत्येक लहर स्वतंत्रपणे मरू द्यायची आणि शेवटी उरलेल्यांची बेरीज करायची. आधी सगळा हिशेब सुट्या नाण्यांत करून घ्यायचा आणि मग मोजायचा, तसेच.

याचे त्याला आवडलेले एक उदाहरण म्हणजे जमिनीखालचे तळघर. पृथ्वीच्या पृष्ठभागावर दोन लहरी एकदम चालू असतात, एक दिवसरात्रीची आणि एक वर्षाची. जमिनीत उतरताना दिवसाची लहर लवकर मरते, वर्षाची खोलवर पोचते. किती खोल, तर लहरीच्या कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. वर्षात दिवस ३६५, त्याचे वर्गमूळ सुमारे १९. म्हणून रोजचे ऊन काही विती खाली संपते आणि वर्षाचा उन्हाळा त्याच्या १९ पट खोल, काही मीटरपर्यंत जातो. जाताना त्याला उशीरही होतो. काही मीटर खाली उन्हाळा पोचतो, तेव्हा वर हिवाळा सुरू झालेला असतो. पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटर खोल तळघर आहे. तिथल्या तापमापकाला वर ऋतू कोणता चालू आहे याचा पत्ताच नसे. आपल्या जुन्या वाड्यांतल्या जाड मातीच्या भिंती हेच करतात. दुपारचे ऊन त्या दुपारी आत येऊ देत नाहीत, रात्री जेवणे झाल्यावर थोडे थोडे सोडतात. हल्लीच्या चार इंची विटेच्या भिंतीला ही शिस्त नाही, म्हणून दुपारी तीनला एसी लावावा लागतो.

२१ डिसेंबर १८०७ रोजी हा निबंध पॅरिसच्या संस्थेपुढे वाचला गेला. परीक्षक लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रुआ. घोडे अडले ते एका चित्राशी. अचानक वर उडी मारणारी, सपाट चालणारी आणि अचानक खाली पडणारी रेषा डोळ्यांपुढे आणा, किल्ल्याच्या तटावरच्या कंगोऱ्यांसारखी. फूरियेचे म्हणणे असे, की हीसुद्धा गोलगोल गुळगुळीत लहरींची बेरीज आहे. मूळ लहर घ्या, तिच्यातून तिप्पट वारंवारतेची एक तृतीयांश वजा करा, पाचपट वारंवारतेची एक पंचमांश मिळवा, सातपटीची एक सप्तमांश वजा करा आणि असेच पुढे चालू ठेवा. लाग्रांजला हे पटेना. गुळगुळीत वळणांच्या बेरजेतून काटकोन कसा निघेल? गव्हाच्या पिठाचे कितीही गोळे एकावर एक रचले, तरी त्यांची वीट होत नाही.

लाग्रांजला हटवादी म्हातारा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तो तेव्हा ७१ वर्षांचा होता आणि हा वाद त्याने तरुणपणी एकदा ऐकलेला होता. ताणलेल्या तारेच्या कंपनांवरून बेर्नुलीने १७५३ साली जवळपास हेच सुचवले होते, आणि ऑयलरसारख्याने ते अमान्य केले होते. शिवाय अनंत पदांची बेरीज कुठे स्थिरावते आणि कुठे नाही, हे तपासायची पक्की रीत तेव्हा कुणाजवळच नव्हती, फूरियेजवळही नाही. त्याचे उत्तर बरोबर होते, सिद्धता अपुरी होती. ही उणीव डिरिक्ले या तरुण जर्मन गणितीने १८२९ साली भरून काढली. कोणत्या अटींवर ही बेरीज खरी धरता येते, हे त्याने नीट मांडले.

निबंध पडून राहिला. संस्थेने पुढे उष्णतेच्या प्रसारावरच स्पर्धा लावली. फूरियेने १८११ मध्ये निबंध वाढवून पुन्हा पाठवला आणि बक्षीसही मिळवले. पण अहवालात मांडणीच्या काटेकोरपणावर शेरा मारलेला होता, आणि निबंध छापला गेलाच नाही. बक्षीस दिले, पण पेपर परत दिला नाही, अशातला प्रकार. अखेर १८२२ मध्ये फूरियेने उष्णतेवरचा आपला ग्रंथ स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. त्याच साली तो विज्ञान अकादमीचा स्थायी सचिव झाला, आणि मग १८११ चा तो बक्षीसपात्र निबंध अकादमीच्या अंकांत एक अक्षरही न बदलता छापून आला. सचिवाच्या खुर्चीचा इतका निरुपद्रवी आणि इतका समाधानकारक वापर फार थोड्यांना करता आला असेल.

मधल्या काळात त्याचे फार हाल झाले. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून सैन्यासह ग्रनोबलच्या दिशेने आला, तेव्हा फूरिये राजाच्या नोकरीत होता. नेपोलियन एका वेशीतून आत येत असताना हा दुसऱ्या वेशीतून बाहेर पडला. नेपोलियन आधी भडकला आणि मग त्यालाच ल्योंचा प्रीफेक्ट करून टाकले. विरोधकांना हुडकून काढायचे हुकूम फूरियेने पाळले नाहीत, आणि काही आठवड्यांत तेही पद गेले. वॉटर्लूनंतर राजा परत आला. आता फूरिये दोन्हीकडून गेला होता. पॅरिसमध्ये ना पगार, ना पेन्शन. शाब्रोल नावाचा त्याचा एक जुना विद्यार्थी सेन जिल्ह्याचा प्रीफेक्ट झाला होता, त्याने गुरूला सांख्यिकी कार्यालयात जागा दिली. पॅरिसमध्ये किती माणसे जन्मतात, किती मरतात, कोणत्या वयात मरतात, याचे तक्ते करण्याचे ते काम. आरोग्याच्या आकडेवारीला तेव्हा नुकती कुठे शिस्त लागत होती. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीने त्याला निवडले, राजाने ती निवड फेटाळली. अकादमीने पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच निवडले, तेव्हा मान्यता मिळाली.

सचिव असताना त्याने सोफी जेर्मँ या गणितज्ञ बाईंना अकादमीच्या सभांना बसता यावे अशी व्यवस्था केली. त्याआधी सदस्यांच्या बायकांखेरीज बायकांना तिथे सहसा प्रवेश नसे. १८२४ मध्ये त्याने पृथ्वीच्या तापमानावर लेख लिहिला. सूर्यापासून पृथ्वी इतकी दूर असताना ती गोठून का जात नाही, हा प्रश्न. हवा प्रकाशाला सहज आत येऊ देते, पण जमिनीने परत सोडलेल्या अदृश्य उष्णतेला सहजी बाहेर जाऊ देत नाही, असे त्याने मांडले, आणि त्यासाठी सोस्यूरच्या काचेच्या झाकणांच्या पेटीचा दाखला दिला. आज ज्याला हरितगृह परिणाम म्हणतात त्याची ही पहिली स्पष्ट मांडणी. पृथ्वीलाही एक शाल पांघरलेली आहे, हे शालीतल्या माणसाला सुचावे यात नवल नाही.

त्याच्या नावावर एक दुःखद नोंदही आहे. १८३० च्या आरंभी गाल्वा या अठरा वर्षांच्या मुलाने अकादमीच्या बक्षिसासाठी आपला निबंध पाठवला. तो वाचायला सचिवाच्या घरी गेला. सचिव मरण पावला आणि निबंध कागदपत्रांत सापडलाच नाही. ज्याचा स्वतःचा निबंध दुसऱ्यांच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून होता, त्याच्याच घरात हे व्हावे. दोन वर्षांनी गाल्वा द्वंद्वयुद्धात मेला, वय २०.

शेवटच्या वर्षांत फूरियेला दम लागे, आडवे झोपता येत नसे. त्याच्यानंतर सचिव झालेल्या आरागोने त्याचे चरित्र लिहिले आहे. एका पेटीचेही वर्णन केले जाते. फूरिये तीत सरळ बसून राही, डोके आणि हात तेवढे बाहेर, म्हणजे वाकणे होऊन श्वास कोंडायला नको. आरागोने रोगाचे नाव हृदयाच्या फुगवट्याचे दिले आहे. आडवे पडले की दम कोंडणे आणि उठून बसले की बरे वाटणे हे लक्षण आजचा डॉक्टरही आधी हृदयाच्या खात्यावर टाकेल. घरात कुणी रात्री उशा वाढवत चालले असेल, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये. ४ मे १८३० रोजी फूरिये जिना उतरताना पडला. पांघरुणात पाय अडकला, असा तिखटमीठ लावलेला किस्सा सांगतात. आरागोच्या वृत्तांतात नुसता जिना आणि पडणे आहे. १६ मे रोजी तो वारला. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्याचे थडगे आहे, त्यावर इजिप्शियन नक्षी.

आता ईसीजीकडे. छातीवर लावलेल्या तारा हृदयाची मिलिव्होल्टच्या आसपासची वीज पकडतात. त्याच खोलीत भिंतीतून २३० व्होल्ट धावत असतात, सेकंदाला ५० हेलकावे घेत. ती घरघर ईसीजीच्या रेषेत शिरते आणि रेषा करवतीसारखी दातेरी दिसू लागते. यंत्र ५० हर्ट्‌झच्या आसपासची लहर तेवढी ओळखून काढून टाकते. आमटीतला गूळ निघाला. पण दर वेळी इतके सोपे नसते. एसीच्या खोलीत उघड्या अंगाने पडलेला रुग्ण कुडकुडला, की स्नायूंची वीज मिसळते. (फूरियेचा ईसीजी काढणाऱ्या तंत्रज्ञाची दया येते.) पार्किन्सनच्या रुग्णाचा हात सेकंदाला चार ते सहा वेळा थरथरतो. कर्णिकांचा फ्लटर नावाचा विकार हृदयाच्या वरच्या कप्प्यांना मिनिटाला सुमारे ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा फडफडवतो. दोन्हींची वारंवारता एकच. इथे कोणतीही गाळणी उपयोगाची नाही. हाताची थरथर कागदावर हृदयविकार म्हणून उमटू शकते. अशा वेळी यंत्राच्या पट्टीवर छापलेले निदान बाजूला ठेवून रुग्णाच्या हाताकडे पाहणारा डॉक्टर लागतो.

एमआरआय तर फूरियेशिवाय निघतच नाही. ते यंत्र फोटो काढत नाही. शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे रेडिओ संकेत ते गोळा करते, आणि कोणती लहर किती आहे यावरून चित्र बांधते. १९७५ साली झुरिकमध्ये अनिल कुमार, डीटर वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी ही रीत दाखवली. त्यांतले अनिल कुमार हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले. अर्न्स्ट यांना पुढे, १९९१ मध्ये, रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हिशेब झटपट व्हावा म्हणून वापरतात ती जलद रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. १०२४ मोजमापांसाठी साध्या रीतीने दहा लाखांवर गुणाकार करावे लागतात, या रीतीने दहा हजारांच्या घरात भागते. नंतर उघडकीला आले, की गाउसने हीच रीत १८०५ च्या सुमारास, म्हणजे फूरियेच्या निबंधाच्याही आधी, लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती.

आणि लाग्रांजची शंका? ती अजून जिवंत आहे. कंगोऱ्यांच्या त्या चित्रात लहरी मिळवत गेलो, की रेषा तटासारखी होत जाते, पण कोपऱ्यापाशी छोटेसे शिंग उरते. लहरी कितीही वाढवा, ते अरुंद होते, पण उंची कमी होत नाही. उडीच्या सुमारे नऊ टक्के राहतेच. विल्ब्रॅहमने हे १८४८ मध्ये लिहिले, तेव्हा कुणाचे लक्ष गेले नाही. १८९९ मध्ये गिब्जने पुन्हा सांगितले आणि नाव गिब्जचे झाले. मानेच्या मणक्यांच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जू गडद आणि भोवतीचा द्रव पांढरा दिसतो. ही अशीच एक उडी. लहरी कमी घेतल्या असतील, तर तिच्या शिंगांमुळे मज्जारज्जूच्या मधोमध एक पांढरी रेघ उमटते, आणि आत द्रव साचून पोकळी झाली आहे असा भास होऊ शकतो. तसा एक खरा आजारही असतो. अनुभवी रेडिओलॉजिस्ट ही रेघ ओळखतो, शंका आली तर जास्त बारकाईने मोजमापे घेऊन किंवा दिशा बदलून तपासणी पुन्हा करवतो. खोटी रेघ नाहीशी होते, खरी पोकळी जागेवर राहते.

व्हिक्टर ह्यूगोने १८६२ मध्ये आलेल्या आपल्या ले मिझेराब्ल या कादंबरीत १८१७ सालच्या पॅरिसचे वर्णन करताना दोन फूरियेंना एका वाक्यात बसवले आहे. अकादमीतला प्रसिद्ध फूरिये जग विसरून गेले, आणि कुठल्याशा माळ्यावर राहणारा अप्रसिद्ध फूरिये, म्हणजे समाजवादी विचारवंत शार्ल, पुढच्या काळाच्या लक्षात राहील, असा त्याचा आशय. ह्यूगो थोर लेखक होता, पण त्याला एम-थ्री नव्हते. ओसेरमध्ये १८४९ साली बसवलेला गणिती फूरियेचा ब्राँझचा पुतळा दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांसाठी वितळवला गेला. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचे नाव मात्र आहे. १८०७ चा तो मूळ निबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या रस्ते आणि पूल बांधणीच्या शाळेच्या ग्रंथालयात सापडला. तो पूर्ण छापून आला १९७२ साली. तोवर कूली आणि ट्यूकी यांची रीत सात वर्षांची झाली होती.